थकलेल्या शरीराचा शॉट किती लांब ठेवायचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: 'द फॉरेनर' पाहताना जॅकी चॅन तुम्हाला पहिली दहा मिनिटं ओळखूच येईना. मग लक्षात आलं की स्टॅलन, लियम नीसन, व्हॅन डॅम असे बरेच जण पन्नाशीच्या आगेमागे काळोख्या गुन्हेपटांकडे वळलेत. शरीर थकल्यावर शोधलेली ही पळवाट आहे का, आणि यातले मोजकेच चित्रपट मनात का राहतात, असं तुम्ही विचारलंत.

मी चित्रपट संकलक आहे. सव्वीस वर्षांतली निम्मी तरी हाणामारीचे प्रसंग कापण्यात गेली, आणि वय झालेल्या नायकांचे बरेच प्रसंग माझ्या वाट्याला आले. समीक्षक पटकथेपासून सुरुवात करेल, मी शॉटपासून करतो, म्हणजे दोन कटांमधल्या सलग तुकड्यापासून. माझ्या मते तुमच्या प्रश्नाचं उत्तर शॉटच्या लांबीत आहे.

वय ठोशात दिसतं असा सर्वसाधारण समज आहे. पण मुरलेला नट साठीतही एक ठोसा झकास मारतो. वय दिसतं ते ठोशानंतर. हात परत जागेवर यायला लागणारा वेळ, दुसऱ्या माणसाकडे वळताना घेतलेलं जादाचं पाऊल, पडल्यावर उठताना जमिनीला टेकलेला तळवा, मारामारी संपल्यावर वर-खाली होणारे खांदे. चित्रपट सेकंदाला २४ फ्रेम्सने धावतो. तरुणपणी ज्या हालचालीला नट दहा फ्रेम्स घ्यायचा, तिला तोच नट तीस वर्षांनी पंधरा घेतो असं समजा. मधल्या पाच फ्रेम्स म्हणजे सेकंदाचा जेमतेम पाचवा हिस्सा. त्या पाच फ्रेम्सचं काय करायचं, यावर पुढचं सगळं ठरतं.

एक मार्ग म्हणजे त्या काढून टाकायच्या. हात निघाला की कट, लागला की कट, समोरचा कोसळला की कट. मधे डबलची, म्हणजे नटाऐवजी स्टंट करणाऱ्याची पाठ, हलता कॅमेरा, काच फुटल्याचा आवाज. यात नायक वेगवान वाटतो, पण त्याचं शरीर पडद्यावरून नाहीसं होतं. दुसरा मार्ग म्हणजे त्या पाच फ्रेम्स राहू द्यायच्या आणि त्यांना अर्थ येईल अशी गोष्ट त्यांच्याभोवती उभी करायची. माझ्या लेखी काळोखा गुन्हेपट म्हणजे हा दुसरा मार्ग. तिथे माणूस दमतो, चुकतो, उशिरा पोहोचतो, आणि त्या उशिराची किंमत कुणाला तरी मोजावी लागते. साध्या ॲक्शनपटात नायकाचं दमणं ही अडचण असते. इथे ते दमणं हीच कथा असते.

दोन्ही मार्ग एकाच नटावर, एकाच काळात पाहायचे असतील तर लियम नीसन घ्या. त्याची वाट थोडी उलटी होती, हे आधी सांगतो. तो मुळात गंभीर भूमिकांचा नट. २००८ च्या 'टेकन'ने पंचावन्नाव्या वर्षाच्या पुढे त्याला ॲक्शन स्टार केलं. २०१४ मध्ये काही महिन्यांच्या अंतराने त्याचे दोन चित्रपट आले, 'अ वॉक अमंग द टूम्बस्टोन्स' आणि 'टेकन ३'. 'टेकन ३'मध्ये तो एक जाळीचं कुंपण ओलांडतो तो प्रसंग आमच्या धंद्यात कुप्रसिद्ध आहे. सहा-सात सेकंदांत डझनाहून जास्त कट. हात, पाय, जाळी, पाठ, पुन्हा हात. बासष्ट वर्षांचा माणूस कुंपण चढतो हे दिसू नये म्हणून सगळा खटाटोप, आणि त्या खटाटोपामुळेच प्रत्येक प्रेक्षकाला त्याचं वय दिसलं. मला त्या संकलकांबद्दल वाईट वाटतं. हाती आलेल्या शॉट्समध्ये कदाचित दुसरं काही शक्यच नसेल. चूक त्या आधीच्या टप्प्यावर झालेली असते. हा माणूस ते कुंपण सहज चढतो असं कुणीतरी लिहिलेलं असतं, तिथे.

'टूम्बस्टोन्स'मध्ये तोच नीसन दारू सोडलेला माजी पोलीस आहे. लॉरेन्स ब्लॉकच्या कादंबरीवरचा हा चित्रपट स्कॉट फ्रँकने दिग्दर्शित केला. सुरुवातीलाच तो बारमधून चोरांच्या मागे रस्त्यावर धावतो आणि गोळ्या झाडतो, आणि आपल्याला वाटतं, आला आपला हिरो. त्या दिवशी त्याच्या एका भरकटलेल्या गोळीने एक लहान मुलगी मेली, हे नंतर कळतं. मग सुरुवातीचा तो पाठलाग मनात पुन्हा उलगडतो आणि त्यातलं सगळं शौर्य गळून पडतं. बाकीच्या चित्रपटात नीसन मुख्यतः चालतो, बसतो, ऐकतो, सार्वजनिक टेलिफोनवरून बोलतो. शॉट लांब आहेत, चेहऱ्यावर थांबलेले. त्याच वर्षीचा तोच देह, पण इथे त्याचं वय लपवावं लागत नाही. भूमिकेच्या पाठीवर जे ओझं आहे ते वाहायला तेवढं वय लागतंच.

आता जॅकी चॅन. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण त्याच्याइतकं कठीण वळण कुणालाच घ्यावं लागलं नसेल.

बाकीचे स्टार बंदूक, स्नायू आणि संवादांवर उभे होते. चॅन उभा होता तो 'हे मी स्वतः केलं' या एका वचनावर. लहानपणी हाँगकाँगमधल्या पेकिंग ऑपेराच्या शाळेत वर्षानुवर्षं घडलेलं शरीर, आणि ते पूर्ण दिसेल असे वाइड शॉट्स. हाँगकाँगच्या संकलनाची एक खासियत आहे. जोराच्या फटक्याला पहिल्या शॉटच्या शेवटच्या काही फ्रेम्स दुसऱ्या शॉटच्या सुरुवातीला पुन्हा येतात. तोच क्षण डोळ्यांना किंचित दोनदा दिसतो, पण जाणवतो एकदाच आणि दुप्पट जोरात. काहीही लपवायचं नसेल तेव्हाच ही युक्ती चालते. १९८५ च्या 'पोलीस स्टोरी'त मॉलमधल्या दिव्यांच्या माळा गुंडाळलेल्या खांबावरून तो खाली घसरतो, आणि तो स्टंट वेगवेगळ्या कोनांतून तीनदा दाखवलाय. संकलक जणू हमी देतो की खात्री करून घ्या, हा तोच आहे. त्या उडीत त्याचे हात भाजले आणि पाठीला मार बसला. पुढच्याच वर्षी 'आर्मर ऑफ गॉड'च्या वेळी युगोस्लाव्हियात झाडावरून पडून कवटी फुटली आणि मेंदूवर शस्त्रक्रिया करावी लागली. चित्रपट संपल्यावर श्रेयनामावलीसोबत फसलेले स्टंट दाखवायची त्याची प्रथाही त्याच वचनाचा भाग होती.

अशा माणसाने साठीत काय करायचं? डबल वापरला तर वचन मोडतं, आणि नाही वापरला तर जीव जातो.

बरेच जण हे वळण 'द फॉरेनर'पासून मोजतात. ते खूप आधीचं आहे. १९९३ मध्ये, एकोणचाळिसाव्या वर्षी, त्याने 'क्राइम स्टोरी' केला. हाँगकाँगमधल्या एका खऱ्या अपहरणावर बेतलेला आणि त्याच्या नेहमीच्या गमतीजमतींना जवळपास रजा दिलेला. खरी उडी मात्र २००४ च्या 'न्यू पोलीस स्टोरी'त आहे. मालिकेचं नाव तेच, शहर तेच, आणि आडनावही चॅनच. पण इथला पोलीस अधिकारी आपल्या सगळ्या सहकाऱ्यांना आपल्या डोळ्यांसमोर मरताना पाहतो आणि त्यानंतर दारूत बुडतो. मारणारी श्रीमंत घरांतली पोरं आहेत आणि त्यांच्यासाठी हा खेळ आहे. पन्नास वर्षांचा चॅन त्यात गुडघ्यांवर बसून रडतो. ज्या शरीराने आपल्याला वीस वर्षं हसवलं, ते हरल्याचं पाहताना पोटात खड्डा पडतो, आणि 'पोलीस स्टोरी' हे नाव तिथे मुद्दाम कामाला लावलंय. नवा नट असता तर ते दृश्य निम्म्याने हलकं झालं असतं. प्रेक्षकाच्या मनात साठलेले जुने चित्रपट ही अशा वेळी फुकट मिळालेली पार्श्वकथा असते. पटकथाकाराने वीस पानं लिहून जे साधणार नाही ते एका ओळखीच्या चेहऱ्याने साधतं.

आणि मग २००९ चा 'शिंजुकू इन्सिडंट'. माझ्या मते चॅनचं सर्वांत धाडसी काम हेच आहे. डेरेक यी या दिग्दर्शकाने त्याला चीनमधून जपानमध्ये बेकायदा शिरलेला एक साधा मेकॅनिक केलं. तो टोकियोच्या गल्ल्यांत हमाली करतो, गटार उपसतो, हळूहळू गुन्हेगारीत ओढला जातो आणि शेवटी सुपारी घेऊन माणसं मारतो. कुंगफू अजिबात नाही. मारामाऱ्या आहेत, पण त्यात घाबरलेली माणसं हाती लागेल ते घेऊन एकमेकांवर तुटून पडतात. वाइड शॉट इथेही आहे, पण आता त्यात कसब दिसत नाही, फक्त गोंधळ आणि रक्त दिसतं. चीनच्या मुख्य भूमीवर हा चित्रपट प्रदर्शितच झाला नाही. हिंसा छाटून तो तिथे न्यावा, हे करणाऱ्यांना मान्य नव्हतं. एवढी मोठी बाजारपेठ त्याने या भूमिकेसाठी सोडली. म्हणून कुणी 'थकला म्हणून गंभीर झाला' म्हणालं की मला राग येतो. त्याच सुमारास तो सोपे, हसरे कौटुंबिक ॲक्शनपटही करत होता आणि त्यांना प्रेक्षकही होता.

'द फॉरेनर' आला तेव्हा तो ६३ वर्षांचा होता. सन्माननीय ऑस्कर आदल्या वर्षीच मिळालेलं. गोष्ट लंडनमधल्या एका हॉटेलवाल्याची आहे. बॉम्बस्फोटात मुलगी जाते आणि तो 'मला नावं हवीत' एवढंच धरून बसतो. तुम्हाला तो ओळखू आला नाही, त्याचं कारण त्याची चाल. तो पाय ओढत, खांदे पाडून चालतो, आणि दिग्दर्शक मार्टिन कॅम्बेलने त्याच्या चालण्याला वेळ दिलाय. मग मारामारी येते, तेव्हा तो जिंकतो, पण प्रत्येक वेळी थोडा मोडून. तो जंगलात आपली जखम आपणच उघडून साफ करतो, तिथे संकलक लवकर कट करत नाही. मारामारी वेगात कापलीये आणि नंतरची वेदना संथ ठेवलीये. हा उलटा हिशेब पाहून मी त्या रात्री चित्रपट परत पहिल्यापासून लावला. आमच्या धंद्यातली सवय अगदी विरुद्ध आहे. फटका लांबवायचा आणि जखम उरकायची.

हाच कॅम्बेल पुढे, २०२२ मध्ये, नीसनला घेऊन 'मेमरी' करतो. स्मृतिभ्रंश होत चाललेला भाडोत्री मारेकरी हातावर नोंदी लिहून काम करतो. कल्पना मूळ बेल्जियन चित्रपटातली, आणि कल्पना म्हणून पहिल्या प्रतीची. पण चित्रपट मधेच तपास अधिकाऱ्यांच्या मागे जातो आणि म्हातारा मारेकरी कोपऱ्यात पडतो. नीसनच्या डोळ्यांतला गोंधळ जिथे जिथे दिसतो तिथे मात्र तो पाहण्यासारखा आहे.

आता स्टॅलन, कारण पळवाटीचा प्रश्न त्याच्यापाशी सर्वांत टोकदार होतो. १९९७ चा 'कॉप लँड'. जेम्स मॅनगोल्ड तेव्हा तरुण होता आणि हा त्याचा दुसराच चित्रपट. स्टॅलन ५१ वर्षांचा. त्याने यासाठी सुमारे १८ किलो वजन वाढवलं. ज्याच्या छातीची आणि दंडांची पोस्टर्स भिंतीभिंतीवर होती, त्याने पोट सुटलेला, दबलेल्या आवाजाचा गावचा शेरीफ केला. न्यूयॉर्कचे पोलीस त्याच्या गावात राहतात आणि तो त्यांच्याकडे मान वर करून पाहतो. तरुणपणी एका मुलीला बुडताना वाचवताना त्याचा एक कान गेला आणि त्यामुळेच त्याला न्यूयॉर्क पोलिसांत घेतलं गेलं नाही. सोबत डी नीरो, हार्वी कायटेल, रे लिओटा.

शेवटच्या गोळीबाराआधी कुणीतरी त्याच्या धड कानाजवळ पिस्तूल झाडतं. आता तो जवळपास पूर्ण बहिरा. तसाच तो बंदूक घेऊन निघतो, आणि पुढचा सगळा गोळीबार आपल्याला त्याच्या कानांनी ऐकू येतो: पाण्याखालून आल्यासारखे दबलेले आवाज, एक बारीक शिट्टी. ॲक्शनपटातला अर्धा जोर ध्वनीतून येतो, हे आमच्यातला कुणीही सांगेल. ठोसा पोकळ असला तरी आवाज चांगला घातला की तो लागतो. त्यामुळे सगळ्यात मोठ्या ॲक्शन स्टारच्या शेवटच्या झुंजीतून आवाजच काढून घेणं म्हणजे त्याच्या हातून त्याचं शस्त्रच काढून घेणं. उरतो तो एक जाडजूड, घाबरलेला, हट्टी माणूस, पाऊल पाऊल पुढे जाणारा. मी ते दृश्य नवीन सहायकांना दाखवतो. आधी आवाज बंद करून आणि मग चालू करून. दोन्हींत फार फरक पडत नाही, यातच त्याची करामत आहे.

तीनच वर्षांनी त्याच स्टॅलनने 'गेट कार्टर' केला, १९७१ च्या मायकेल केनच्या ब्रिटिश गुन्हेपटाची नवी आवृत्ती. मूळ चित्रपटात सूड पूर्ण झाल्यावर कार्टर समुद्रकिनारी गोळी लागून मरतो. कुणी मारलं, का मारलं, याचा गाजावाजाही होत नाही. स्टॅलनचा कार्टर जगतो. सूट नेटका, दाढी कोरलेली, चाल रुबाबदार, कट झटपट. वरून सगळं काळोखं, निळसर छटा, पाऊस. आतून मात्र जुनाच हिरो, ज्याचं काही बिघडत नाही. काळोख फक्त प्रकाशयोजनेत राहिला. फसलेल्या चित्रपटांपैकी बहुतेक इथेच फसतात. स्टारला गंभीर तर दिसायचं असतं, पण गमवायचं काही नसतं. श्वार्झेनेगरचा २०१४ चा 'सॅबोटाज' मला याच रांगेतला वाटतो, त्यावर जास्त बोलण्यासारखं नाही.

याहून जुना आणि मला अस्वस्थ करणारा दाखला चार्ल्स ब्रॉन्सनचा आहे. १९७४ च्या 'डेथ विश'मध्ये तो बावन्न वर्षांचा वास्तुरचनाकार आहे. बायकोचा खून होतो आणि तो रात्री शस्त्र घेऊन फिरू लागतो. पहिल्यांदा माणूस मारल्यावर तो घरी येतो आणि ओकतो. ते ओकणं हा त्या चित्रपटाचा कणा आहे. शरीर सांगतंय की हे माणसाला पचणारं नाही. तरी मूळ कादंबरीचा लेखक ब्रायन गारफिल्ड चित्रपटावर नाराजच होता, कारण त्याच्या मते चित्रपट सूड घेणाऱ्याच्या बाजूने झुकला होता. त्याने पुढची कादंबरीच त्याला उत्तर म्हणून लिहिली. आणि मालिका कुठे गेली पाहा. १९८५ च्या तिसऱ्या भागात त्रेसष्ट वर्षांचा ब्रॉन्सन रस्त्यावर मशीनगन चालवतो आणि रॉकेट लाँचरसुद्धा. आता कुणी ओकत नाही. वय वाढलं, माणसं मारण्याचा आकडा वाढला आणि वेदना मात्र संपली. आमच्या टेबलावर याचा सरळ अर्थ असा की प्रतिक्रियेचा शॉट कापला गेला. गोळी, माणूस पडला, पुढचा माणूस. मारणाऱ्याच्या चेहऱ्यावर परत यायचंच नाही. गुन्हेपटात तो परतीचा शॉट काढलात की उरतं ते लक्ष्यभेदाचं प्रदर्शन.

क्लिंट ईस्टवुडने हे फार आधी ओळखलं असावं. १९९३ च्या 'इन द लाइन ऑफ फायर'मध्ये तो ६३ वर्षांचा अंगरक्षक आहे. १९६३ मध्ये डॅलसला केनेडींना वाचवू न शकलेला. राष्ट्राध्यक्षांच्या गाडीशेजारी धावताना त्याला धाप लागते आणि तरुण सहकारी त्याच्याकडे काळजीने पाहतात. त्या चित्रपटाची संकलक ॲन व्ही. कोट्स. 'लॉरेन्स ऑफ अरेबिया'साठी ऑस्कर मिळवलेली, आणि या चित्रपटाच्या वेळी स्वतः ६७ वर्षांची. यासाठीही तिला नामांकन मिळालं. ती धाप तिने जशी राहू दिलीये, ते मी विद्यार्थी असताना पाहिलं होतं, आणि तेव्हा मला ती संथ वाटली होती. आज वाटते ती नेमकी.

आपल्याकडचं उदाहरण म्हणून मला 'दृश्यम' घ्यायचा आहे. वय आणि काळोख दोन्हींच्या हिशेबात तो थोडा वेगळा आहे, पण मुद्दा त्याच्यात सर्वांत स्वच्छ दिसतो. मूळ मल्याळम चित्रपट जीतू जोसेफचा, २०१३ चा, नायक मोहनलाल, तेव्हा ५३ वर्षांचा. हिंदी २०१५ मध्ये निशिकांत कामतने केला आणि नायक घेतला अजय देवगण, ज्याची पडद्यावरची पहिलीच ओळख १९९१ मध्ये दोन मोटरसायकलींवर पाय ठेवून झाली आणि जो आदल्याच वर्षी 'सिंघम'च्या दुसऱ्या भागात गुंडांना हवेत उडवत होता. इथे तो गोव्यातला केबलवाला. पोलीस चौकशीत त्याला, त्याच्या बायकोला, मुलींना मारतात, आणि प्रेक्षक वाट पाहतो की आता उठेल, आता एक लगावेल. तो उठत नाही. मार खातो आणि गप्प राहतो, कारण हात उचलला तर कुटुंब जाईल. सगळा ताण त्या न उचललेल्या हातातून येतो, आणि तो हात सिंघमचा असल्यामुळेच येतो. कामत गेला तेव्हा मला सर्वांत आधी हे दृश्य आठवलं. स्टारच्या हातून त्याचं हुकमी काम काढून घ्यायला दिग्दर्शकाला मोठी छाती लागते, आणि ते करू देणाऱ्या स्टारलाही.

सनी देओलने २०२२ मध्ये 'चुप'मध्ये शांत, तपास करणारा पोलीस केला, आणि पुढच्या वर्षी 'गदर २' तुफान चालला. बाजार कुठे खेचतो हे यातून समजतं. पैशाची बाजूही सांगायलाच हवी, कारण तुम्ही 'पळवाट' हा शब्द वापरलात. गुन्हेपट स्वस्तात होतो. रात्र, पाऊस, चार खोल्या, एक गाडी, कमी दिवस. जुन्या स्टारच्या चेहऱ्यावर वितरणाचे हक्क चित्रपट पूर्ण होण्याआधीच विकता येतात. विम्याचा प्रश्नही असतो. साठीतल्या नटाला उंचावरून उडी मारायला लावायची तर हप्ता वाढतो किंवा परवानगीच मिळत नाही. तेव्हा बरेच चित्रपट निव्वळ याच गणितातून निघतात, हे खरं. त्यात स्टार चार-पाच दिवस येतो, खुर्चीत बसून संवाद म्हणतो आणि पोस्टरवर बंदूक धरतो. असे एक-दोन मीही कापलेत. त्यांना मी या वळणात धरतच नाही.

व्हॅन डॅमबद्दल एकच चित्रपट सांगतो, २००८ चा 'जेसीव्हीडी'. त्यात तो स्वतःचीच भूमिका करतो: काम आटलेला, मुलीचा ताबा गमावत चाललेला नट, ब्रसेल्समधल्या पोस्ट ऑफिसातल्या दरोड्यात अडकलेला. सुरुवातीला काही मिनिटांचा एकच सलग ॲक्शन शॉट आहे. ठोसे, स्फोट, गोळ्या, कुठेही कट नाही. शेवटी सेट कोसळून टेक वाया जातो आणि तो धापा टाकत दिग्दर्शकाला सांगतो की मी ४७ वर्षांचा आहे, हे सगळं एका शॉटमध्ये करणं मला जड जातं. मी वर ज्या पाच फ्रेम्सबद्दल लिहिलं, त्यांच्यावर बेतलेलं याहून चांगलं दृश्य मला माहीत नाही. पुढे तो कॅमेऱ्याकडे पाहत सलग काही मिनिटं बोलतो, रडतो, आणि तिथेही कट नाही. आधी लांब शॉटमध्ये शरीर, मग लांब शॉटमध्ये चेहरा.

माझी स्वतःची एक चूक सांगतो, कारण हे सगळं मी पुस्तकातून शिकलो नाही. काही वर्षांपूर्वी एका अशाच, अठ्ठावन्न-एकोणसाठ वर्षांच्या नायकाचा गुन्हेपट माझ्याकडे होता. एका प्रसंगात तो संशयिताच्या मागे चार मजले जिना चढतो. वर पोहोचल्यावर नटाने कठड्याला हात लावला आणि चारेक सेकंद नुसता उभा राहिला, तोंड उघडं, नजर खाली. संहितेत ते नव्हतं. रशेसमध्ये, म्हणजे न कापलेल्या चित्रणात, ते पाहताना मला ते आवडलं होतं. पण पहिला कट पाहिल्यावर निर्मात्यांकडून निरोप आला की हिरो दमलेला दिसतो, तेवढं काढा. मी काढलं. वाद घातला नाही. जिना, दार, लाथ, सरळ. प्रसंग चपळ झाला. डबिंगच्या वेळी नट आला, त्याने ते दृश्य दोनदा मागे घेऊन पाहिलं आणि मला विचारलं, "माझा श्वास कुठे गेला?" तो रागावला नव्हता. खरोखर शोधत होता. तोवर चित्रपट लॉक झाला होता, म्हणजे आता संकलनात बदल करता येणार नव्हता. पुढच्याच प्रसंगात त्याच्या हातून संशयित निसटतो, आणि प्रदर्शनानंतर सगळ्यांनी विचारलं की एवढा चपळ माणूस दारात हुकला कसा. उत्तर त्या चार सेकंदांत होतं.

तेव्हापासून वय झालेल्या नटाचा प्रसंग समोर आला की मी आधी नुसते श्वास निवडतो. धाप, थांबणं, टेकलेला हात, चुकलेलं पाऊल. ते बाजूला ठेवतो आणि मग बाकीचा प्रसंग त्यांच्याभोवती बांधतो. दिग्दर्शकाला हवं असेल तर तो काढेल, पण त्याने ते पाहून काढावं.

तेव्हा पळवाट का? ज्या चित्रपटात स्टारला काही गमवावं लागत नाही, तिथे हो, पळवाटच. चॅनने बाजारपेठ सोडली, स्टॅलनने शरीर आणि आवाज सोडला, देवगणने हात आवरला. त्यांच्याकडे सोडण्यासारखं होतं, कारण त्याआधी वीस-पंचवीस वर्षं ते कमावलं होतं. पंचविशीतला नट हीच भूमिका करू शकणार नाही, त्याच्याकडे अजून गमवायला फारसं काही नाही. चॅन तर ७१ व्या वर्षी, २०२५ च्या 'द शॅडोज एज'मध्ये, मकाऊत टेहळणी करणारा निवृत्त पोलीस झालाय, समोर हाँगकाँगचाच जुना नट टोनी लेउंग का-फाई. त्या वयात पाळत ठेवणारी, थांबून बघणारी भूमिका मिळणं मला फार योग्य वाटतं.

पाहायचेच असतील तर क्रम असा घ्या. आधी १९८५ चा 'पोलीस स्टोरी', लगेच 'शिंजुकू इन्सिडंट'. मधे एक-दोन दिवस जाऊ द्या. मग 'टेकन ३'चं ते कुंपण आणि त्याच रात्री 'टूम्बस्टोन्स' पूर्ण. 'जेसीव्हीडी'ची सुरुवात पाहताना घड्याळ लावा आणि पहिला कट कधी येतो ते मोजा. 'कॉप लँड' शेवटी ठेवा आणि तो हेडफोन लावून पाहा. त्या पिस्तुलाच्या आवाजानंतर आवाज वाढवावासा वाटेल, वाढवू नका.